उन्हात दिलेली सुट्टी

ही गोष्ट एकोणीसशे सहासष्ट सालची, भाद्रपदातली. महाराष्ट्र राज्य होऊन सहा वर्षं झाली होती, कळंबखेडला मुलींची शाळा निघून पाच, आणि सिंधूताई त्या शाळेची मुख्याध्यापिका होऊन तीन. कळंबखेड हे मेहकरच्या खाली, पैनगंगेच्या काठावरचं बाजाराचं गाव. मेहकरहून एसटीनं तासाभराची वाट. शनिवारची सकाळची शाळा सुटून गेली होती. बाकं उलटी करून ठेवलेली, फळ्यावर सातवीच्या वर्गाचं गणित तसंच राहिलेलं. उकंडराव शिपायानं टेबलावर एक कागद आणून ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दौत ठेवली आणि म्हणाला, "सेक्रेटरी सायेब चार वाजता येतो म्हनले. तवरोक सही करून ठेवा म्हनले, बाई." एवढं बोलून तो गेला नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला. कागदात काय आहे ते त्याला ठाऊक होतं. गावालाच ठाऊक होतं. "कायले डोकं खराब करता," तो थोड्या वेळानं म्हणाला, "दोनच ओयी हायेत," आणि मग वहाणा वाजवत निघून गेला.

दोनच ओळी होत्या खऱ्या. संस्थेच्या कारकुनानं आपल्या मोत्यासारख्या अक्षरात त्या लिहून काढल्या होत्या. मंगळवारी दुपारी गैरसमजुतीने शाळेस सुट्टी दिली गेली. पुन्हा असे होणार नाही. खाली सहीसाठी जागा सोडलेली, आणि त्या जागेखाली त्यांचं नाव, हुद्द्यासकट. सिंधूताईंनी ते दोनदा वाचलं. 'दिली गेली' या शब्दांपाशी त्यांची नजर थांबली. जणू सुट्टी कुणी दिलीच नव्हती. आभाळातून पडावी तशी ती पडली होती. त्यांनी टाक दौतीत बुडवला, परत काढला, निबावरचा शाईचा थेंब दौतीच्या काठाला पुसला. बाहेर लख्ख ऊन होतं, मंगळवारी होतं तसंच. पटांगणातला चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि त्या चिखलात पोरींच्या पावलांचे ठसे जसेच्या तसे राहिले होते. शंभर-सव्वाशे पावलं, सगळी फाटकाकडे तोंड केलेली.

मंगळवारी साडेबाराला मेहकरहून येणारी गाडी शाळेच्या कोपऱ्यावर थांबली आणि ड्रायव्हर रंगरावनं तीनदा हॉर्न वाजवला. हे त्याचं नि सिंधूताईंचं ठरलेलं होतं. मेहकरला नदीचं पाणी घाटाच्या तिसऱ्या पायरीवर आलं तर तीनदा वाजवायचं. ते पाणी तीन-चार तासांनी कळंबखेडला पोचायचं, आणि कळंबखेडला नदीवर पूल नव्हता. होती ती फरशी, दगडी, बुटकी, जरा पाणी चढलं की बुडणारी. शाळेतल्या अडतीस मुली फरशीच्या पलीकडच्या खेड्यांतून यायच्या, सकाळच्या गाडीनं येऊन पाचच्या गाडीनं जायच्या. फरशी बुडाली की पाचची गाडी अलीकडे, पोरी अलीकडे आणि घरं पलीकडे. हे सगळं खरं, पण त्या दिवशी कळंबखेडला पावसाचा थेंब नव्हता. पाऊस पडत होता तो तिकडे वर, चिखलीच्या अंगाला. सिंधूताई फाटकापर्यंत गेल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर ऊन आलं आणि त्यांनी पदर कपाळावर ओढला. रंगराव खिडकीतून म्हणाला, "बाई, चिखलीकून येनारी गाडीच आली नाई आज. तिकडं लय बेकार पडून राह्यला. पायरी बुडाली, मी डोयानं पाह्यली." कंडक्टर कुरकुरला, की पोरींचे पास पाचच्या गाडीचे आहेत आणि आत आधीच माणसं उभी आहेत. रंगराव मागे न वळता म्हणाला, "तं उभ्या राह्यतीन. पोरी हायेत, ज्वारीची पोती नाईत."

सिंधूताईंनी उकंडरावला लांब घंटा द्यायला सांगितली. साऱ्या शाळेला सुट्टी. पलीकडच्या पोरी तेवढ्या सोडल्या असत्या तर भागलं असतं, हे नंतर सगळ्यांनीच त्यांना सांगितलं. पण गेल्या साली तसं दोनदा केलं होतं आणि त्याचा परिणाम त्यांनी पाहिला होता. पोरी निघून जायच्या, मागे धडा पुढे सरकायचा, परीक्षेत पलीकडच्याच खाली राहायच्या, आणि मग कुणाचा तरी बाप येऊन म्हणायचा, पोरीच्या डोक्यात काही राहत नाही, घरीच बरी. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, सुटायचं तर सगळ्यांनी. गाडीत सव्वीस मावल्या. उरलेल्या बारा नांदऱ्याच्या, आणि नांदरं सडकेपासून आत. तेव्हा बाजारात वांगी विकायला आलेल्या पुंजाजीला त्यांनी निरोप धाडला. त्याची मुलगी पाचवीत होती. पुंजाजी बैलगाडी घेऊन आला, निम्मी वांगी तशीच पाट्यांत, आणि आधी आभाळाकडे बघून घेतलं.

"ऊन तं रखरखून राह्यलं, बाई. पूर कुठचा आनता?"

"वरून येतोय."

"आभायातून?"

"चिखलीवरून."

"तवा मंग येऊन जाईन तुमचा पूर," तो म्हणाला आणि पाट्या उतरवून शाळेच्या ओसरीत लावू लागला. "पन माहे वांगे इथं सुकतीन, त्याचं?"

"मी घेते सगळी."

"चार दिवस वांगेच खा मंग," पुंजाजी म्हणाला, आणि गाडीत चढलेल्या बारा पोरी खो खो हसल्या. सिंधूताई खरोखरच चार दिवस वांगी खात होत्या. आजही डब्यात तीच होती.

पूर आला नाही. म्हणजे पाणी आलं, तीन वाजता गढूळ, फेसाळ, काड्याकुड्या घेऊन आलं, फरशीच्या खालच्या कडेला हात-दीड हात राहिला तिथवर चढलं, तिथं तासभर रेंगाळलं आणि उतरलं. पाचची गाडी रिकामी, खडखडत, कोरड्या फरशीवरून गेली. आणि नेमक्या त्याच दिवशी दोन वाजता शिक्षण खात्याचे तपासनीस न कळवता आले होते. चकाकतं ऊन, कुलूप लावलेले वर्ग, ओसरीत वांग्याच्या पाट्या. ते रागावले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "कसली सुट्टी?" सिंधूताईंनी सांगितलं, पुराची. त्यांनी बाहेर बघितलं. त्यांच्या बघण्यात इतकी सभ्यता होती, की सिंधूताईंना त्यापेक्षा शिवी चालली असती. "पाणी आलंच तरी मुलींना शाळेतच ठेवता आलं असतं," ते म्हणाले. "मागच्या वर्षी तुम्ही ठेवल्या होत्या ना? मी अहवाल वाचलाय. फार चांगलं काम केलंत तेव्हा."

मागच्या वर्षी. सिंधूताईंनी कागदावरची दौत बाजूला केली तर तिच्या बुडाचा निळा गोल कागदावर उमटलेला. मागच्या श्रावणात पाणी अचानक आलं, फरशी बुडाली आणि एकोणीस पोरी अडकल्या. सिंधूताईंनी त्यांना शाळेतच ठेवलं. गावातल्या बायकांनी भाकरी-पिठलं आणून दिलं, कुणी चादरी, कुणी गोधड्या. दाराला आतून कडी, दाराशी सिंधूताई स्वतः, बाहेर उकंडराव काठी घेऊन. पोरी आधी घाबरल्या होत्या, मग त्यांना मौज वाटू लागली. त्यांनी भुलाबाईची गाणी म्हटली, भुलाबाईला अजून महिना होता तरी. सकाळी पाणी उतरलं, पहिल्या गाडीनं पोरी घरी गेल्या, एकीच्या केसालाही धक्का लागला नाही. सिंधूताईंना त्या सकाळी आपण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटलं होतं. संस्थेनं सभा घेतली, शाल आणि नारळ दिला. रामराव सेक्रेटरी बोलले, की बाईंनी आईसारखं पोरींना पदराखाली घेतलं. तिनं मान खाली घालून ते ऐकलं होतं आणि तिला ते आवडलं होतं. आता आठवलं की अंगावर पाल चढल्यासारखं वाटे. कारण त्यानंतर एक एक बाप यायला लागला. कुणी भांडलं नाही. कुणी त्या रात्रीचं नावसुद्धा काढलं नाही. "घरी काम हाय," म्हणायचे. "आई बिमार राह्यते." "आता मोठी झाली." दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत त्या एकोणीसपैकी अकरा नावं हजेरीतून कमी झाली. प्रत्येक नावापुढं कारणाच्या रकान्यात तिनं स्वतःच्या हातानं एकच शब्द लिहिला होता, 'घरगुती'. अकरावं नाव लिहिताना तिला कळलं, की नदीनं एकही पोर नेली नाही, पण तिनं दाराला कडी लावून सांभाळलेल्या त्या रात्रीनं अकरा नेल्या.

आणि हे तिला आधीच कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तरी तिला. कारण झुंबर तिची थोरली बहीण. धाड गावी त्यांचं घर, शाळा ओढ्यापलीकडे. झुंबर बारा वर्षांची, सिंधू सात. एका संध्याकाळी ओढा भरला, झुंबर पलीकडेच राहिली, एका माळणीच्या घरी, तानुबाई तिचं नाव. तानुबाईनं तिला ताटात दूध-भाकर दिली, आपल्या लेकींमध्ये निजवलं, सकाळी स्वतः ओढ्यापर्यंत पोचवायला आली. बाप ओसरीत बसला होता. त्यानं झुंबरच्या खांद्यावरची पाटी-दप्तराची पिशवी हळूच काढून घेतली आणि खुंटीला अडकवली. बस. माघात तिचं लग्न झालं. सिंधूला पुढं शिकू दिलं ते झुंबरनं सासरहून भांडून, आणि सिंधू विधवा होऊन एकोणिसाव्या वर्षी माघारी आली तेव्हा तिला ट्रेनिंगला अकोल्याला धाडलं तेही झुंबरनंच. पण त्या रात्रीबद्दल झुंबर एकदाच बोलली. म्हणाली, "दूध-भाकर लय गोड होती वं. तसं दूध मी मंग कदी पेली नाई." एवढंच. कुणी तिला विचारलंच नव्हतं की काय झालं. विचारलं असतं तर ती सांगू शकली असती, काही झालं नाही म्हणून. न विचारण्यातच सगळं होतं. बापाच्या त्या हळू हातात होतं.

चाराला अजून वेळ होता. सिंधूताई उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत येऊन बसल्या. एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. मंगळवारी पोरी गेल्यावर, तपासनीस गेल्यावर त्या एकट्या नदीवर गेल्या होत्या. पाणी फरशीच्या खाली चढत होतं आणि त्या काठावर उभ्या राहून पाण्याला म्हणत होत्या, चढ. अजून चढ. हातभर तर राहिलंय. एखादं बाभळीचं झाड वाहत यावं, फरशीवरून पाण्याची चादर जावी, साऱ्या गावानं बघावं. तिथं थांबलेलं ते पाणी जेव्हा ओसरू लागलं, काठावरच्या गवतावर चिखलाची ओली रेघ सोडून खाली जाऊ लागलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, चिडून, लहान पोरीसारखं. पलीकडे त्याच वेळी अडतीस पोरी घरी पोचून भाकरी खात होत्या, आणि या काठावर त्यांची बाई पुराची वाट बघत होती. चार दिवस त्यांना हे टोचत होतं. आपण पोरींसाठी सुट्टी दिली, की आपलं म्हणणं खरं ठरावं म्हणून? कारकुनाच्या त्या दोन ओळींवर सही करावीशी वाटली असेल तर ती या एका गोष्टीपायी. शिक्षा म्हणून. पण आता या रिकाम्या वर्गात, फळ्यावरच्या अर्धवट गणितासमोर बसल्यावर त्यांना हळूहळू वाटायला लागलं, की खरं ठरायला पूर कशाला हवा? पूर आला असता तर रामरावांनी अजून एक शाल आणली असती, आणि पुढच्या वेळी आभाळात ढग नसला की घंटेवर हात न्यायची पुन्हा चोरी. पूर न येता दिलेली सुट्टीच टिकली पाहिजे. तीच खरी सुट्टी. त्यांनी पाठ ताठ केली. भुकेची जाणीव झाली, म्हणून डबा काढला आणि वांग्याची भाजी-भाकर शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

रामराव चारच्या ठोक्याला आले. मोठे जमीनदार, अंगानं आडवे, स्वभावानं वाईट नव्हेत. शाळेसाठी जागा त्यांनीच दिलेली. खुर्ची कुरकुरली, तसे ते म्हणाले, "हे खुर्ची बदलाले पायजे, का मले बदलाले पायजे?" आणि कागदाकडे बघून, "सही झाली नाई अजून?"

"नाही."

"शाई सरली का?"

"शाई आहे."

रामरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पाहा बाई. मी काई तुमचा दुश्मन नाई. पान्यानं तुमाले दगा देला, त्यात तुमचा काय कसूर? पन खात्याले कागद लागते. आठवीच्या वर्गाची मान्यता अडकली हाय. गैरसमज झाला म्हना, मोकयं व्हा."

"कोणाचा गैरसमज?"

"नदीचा समजा."

तिला हसू आलं, तेही हसले, आणि क्षणभर वाटलं की गोष्ट इथंच मिटेल. मग ती म्हणाली, "मी लिहीन गैरसमज झाला म्हणून. पण मागच्या वर्षीचा. तेव्हा मी पोरींना इथं ठेवलं, तो."

"त्याची तं शाल देली म्या तुमाले."

"ती पेटीत आहे. न्यायची तर न्या. त्या एकोणीसपैकी अकराजणी परत आल्या नाहीत, रामरावजी."

"पोरी जातच राह्यतेत. कोनाचं लगन, कोनाचं काय."

"शालूचं काय?"

शालू ही रामरावांच्या सख्ख्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ पलीकडे शेतावर राहायचा. सातवीतली, वर्गात पहिली येणारी पोर. रामरावांनी टोपी गुडघ्यावरून उचलली, आत बघितलं, परत ठेवली. "तिचं लगन जमलं व्हतं."

"कधी जमलं?"

"दिवाईत."

"आणि शाळेत निजली कधी?"

ओसरीत उकंडरावचा खोकला ऐकू आला आणि मध्येच थांबला. रामराव म्हणाले, पण आवाज आता सेक्रेटरीचा नव्हता, "भाऊ आला व्हता माह्याकडं. म्हने, दादा, काय करू? लोक काई बोलत नाईत, पन पाहून राह्यले. मी म्हनलं, उजवून टाक." मग एकदम, "हे कागदावर लिवू नका, बाई. बाकी काई लिवा."

तिनं लिहायचं ठरवलंच होतं. चार दिवस मनात ती अकरा नावं एकाखाली एक मांडत होती, खात्यानं वाचावं, तपासनिसानं आपल्या सभ्य नजरेनं वाचावं म्हणून. आणि आता टाक उचलल्यावर तिला दिसलं, की हा कागद मेहकरला जाईल, तिथून बुलढाण्याला, चार कारकुनांच्या हातातून, आणि प्रत्येक हात त्या नावांपाशी जरासा थांबेल. रात्र, शाळा, अकरा मुली. झुंबरची पिशवी खुंटीला अडकवणारा तो हळू हात. तोच हात, आता तिचा. तिचं सगळ्यांत मोठं कारण असं होतं, की ते लिहिलं की मोडत होतं. रामराव घाबरून बघत होते. ते आपल्या घरासाठी घाबरले होते आणि ती पोरींसाठी थांबली, पण दोघं एकाच जागी येऊन थांबले, याचाही तिला राग आला.

तिनं कारकुनाच्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली, न घाई करता, पट्टी धरून, शाळेत चुकलेल्या गणितावर मारतात तशी. खाली लिहिलं, मंगळवारची सुट्टी मी समजून-उमजून दिली. नदी फरशीवर आली नाही हे खरे आहे. असा दिवस पुन्हा आला तर मी पुन्हा सुट्टी देईन. सही केली, तारीख घातली, टीपकागदानं शाई टिपली आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला.

रामरावांनी ओठ हलवत वाचलं. "कारन तं लिवलंच नाई."

"कारण माझ्यापाशी राहू द्या."

"मंग हे नुसतं आडमुठेपन दिसते, बाई. तुमाले खुर्चीवरून काढतीन."

"दिसू द्या," ती म्हणाली. "काढतील तर बाकावर बसेन. बाकं पुष्कळ आहेत इथं."

पौषात तिला मुख्याध्यापिकेच्या जागेवरून काढलं. ती त्याच शाळेत साधी शिक्षिका राहिली, पाचवीला मराठी आणि शिवणकाम. आठवीची मान्यता वर्षभर लांबली आणि त्याबद्दल गावानं तिला बोल लावले. तिच्या जागी वाशीमचे एक गृहस्थ आले, नेमस्त, भित्रे. पुढच्या पावसाळ्यात ऊन असताना रंगरावनं पुन्हा कोपऱ्यावर गाडी उभी केली, तेव्हा ते गृहस्थ वर्गाच्या दारातून सिंधूताईंकडे बघत राहिले, त्याही त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि शेवटी त्या गृहस्थांनीच उकंडरावला हाक मारली. त्या वर्षी तीनदा अशी सुट्टी झाली आणि दोनदा पूर आलाच नाही. खात्याकडून कागद आले, ते त्यांनी टेबलाच्या खणात ठेवून दिले. पलीकडच्या पोरींपैकी त्या साली एकीचंही नाव कमी झालं नाही.

रंगरावला वेळापत्रक चुकवल्याबद्दल खामगाव डेपोला बदललं. जाताना त्यानं आपल्या जागी येणाऱ्या ड्रायव्हरला घाटाची पायरी नेऊन दाखवली. रंगराव पुढं मधुमेहानं गेला. पुंजाजीची मुलगी मॅट्रिक होऊन देऊळगाव राजाला नर्स झाली आणि पुंजाजी मरेपर्यंत लोकांना सांगायचा, की पोरीला शिकवलं ते माझ्या वांग्यांनी. उकंडराव निवृत्त झाल्यावरही रोज शाळेत येऊन बसायचा. एका दुपारी ओसरीतच बसल्या बसल्या गेला. रामराव जिल्हा परिषदेत निवडून आले आणि भाषणात सांगू लागले, की पुराआधी सुट्टी द्यायची पद्धत या तालुक्यात त्यांनीच पाडली. सिंधूताईंनी ते कधी खोडलं नाही. शालूला तीन मुली झाल्या. थोरलीचं नाव घालायला ती स्वतः आली, अर्जावर सही केली, आणि बाईंशी दोन शब्द बोलून पाचच्या गाडीसाठी लगबगीनं निघून गेली. झुंबरबाई ऐंशी सालापर्यंत होत्या.

चौऱ्याहत्तर साली नदीवर पूल झाला, उंच, सिमेंटचा. उद्घाटनाला मंत्री आले, बॅण्ड आला, साऱ्या शाळेला रांगेत उभं केलं. व्यासपीठावर सिंधूताईंसाठीही एक खुर्ची होती, रामरावांनी मुद्दाम ठेवायला सांगितलेली. ती शेवटपर्यंत रिकामी राहिली. त्या सकाळी नांदऱ्याचा एक बाप आपल्या सहावीतल्या मुलीचं नाव कमी करायला शाळेत आला होता. बॅण्ड वाजला, फटाके झाले, लोक पुलावरून चालून परत आले, तरी सिंधूताई ओसरीत त्याच्यासमोर बसून बोलतच होत्या.